गुहेबाहेर थांबलेला घोडेस्वार

आयुष्यात एकदाही घोड्यावर न बसलेला, स्वतःच्या वरातीतला घोडा बँडच्या आवाजाने बुजल्यामुळे टेम्पोतून मांडवात पोचलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात घोड्यांविषयी सगळ्यांत जास्त जाणतो, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. मीही हसत असे. पण माझ्या थोरल्या साडूंच्या शेजारी बसून ज्याने एक अख्खा रविवार काढला आहे, त्याला विचारा. घोड्याला दिवसातून किती वेळा पाणी लागतं, दौडताना त्याचे चारही खूर एकदम जमिनीवरून कधी सुटतात, थंडीत बर्फ उकरून खालचं गवत तो कसा खातो, हे सगळं तो तुम्हाला सांगेल आणि शेवटी हात जोडून म्हणेल, बास, आता विषय बदला.

साडू या नात्याची एक गंमत असते. या दोन माणसांनी एकमेकांना निवडलेलं नसतं. दोन बहिणींनी आपापल्या परीने एकेक चूक केलेली असते आणि त्या दोन चुका सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी शेजारी जेवायला बसतात. आमचे साडू भिवंडीजवळच्या दिघाशी गावचे. निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात ते तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बंद पडलेलं लूम चालू करून देणारा माणूस. चोवीस लूमच्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहिल्याने त्यांचे कान निम्मे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. एकदा आम्ही एका नातेवाईकांकडे मयताला गेलो असताना त्यांनी माझ्या कानाशी लागून हळूच विचारलं, "म्हातारी पंच्याण्णवची व्हती ना? मंग येवढं रडतात कशाला?" तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेली माणसंसुद्धा वळून आत पाहू लागली. त्यांच्या मते ते कुजबुजले होते. आणि त्यांची चाल! दोन लूमच्या मधली वाट इतकी चिंचोळी असते की तिथून आडवं होऊनच जावं लागतं. ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. लग्नाच्या मांडवात, बाजारात, अगदी मोकळ्या मैदानातसुद्धा ते एक खांदा पुढे काढून, पोट आत ओढून, आडवे आडवे चालत. कुणी म्हटलं, "अहो, सरळ चाला की," तर चार पावलं सरळ चालत आणि पाचव्याला पुन्हा आडवे होत. आम्ही सगळे हसायचो. तेही हसायचे, आमच्यापेक्षा मोठ्याने.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीतला गुन्हेगार मी आहे. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. भिवंडीच्या आसपास जी गोदामं उभी राहिली आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांचे नकाशे माझ्या हातचे. भिंत, शटर, खांब, पुन्हा भिंत. दिवसभर हेच. आणि रविवारी दुपारी मी एक खेळ चालवत असे. हा खेळ पटावरचा नाही. प्रत्येकाने आपल्यासाठी एक कल्पनेतला माणूस बनवायचा, त्याची ताकद, चपळाई, शस्त्रं, स्वभाव, सगळं एका कागदावर लिहायचं आणि मग त्या माणसाच्या तोंडून बोलायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा मी. खेळणारे दोघेच. एक माझी बायको, जी घरात सुईसुद्धा जागेवर ठेवते पण खेळात अट्टल चोर असते, आणि दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त इम्तियाज. त्याचं निजामपुऱ्यात सुताचं दुकान आहे. दुकानाच्या माळ्यावर, सूत गुंडाळलेल्या कोनांनी भरलेल्या खोक्यांच्या मधोमध, एका जुन्या टेबलाभोवती आमच्या लढाया होत.

साडूभाऊ तिथे आले ते वालाच्या शेंगांची पिशवी द्यायला. माझी बायको घरी नाही म्हणून शोधत शोधत माळ्यावर चढले. आम्ही तिघं एका राक्षसाशी झुंजत होतो. ते खोक्यावर टेकले आणि पाऊण तास गप्प बसले. त्यांना निम्मं ऐकूच येत नसणार, असं आम्ही धरून चाललो. फासा पडायचा तेव्हा मात्र ते टेबलावर तळहात ठेवायचे. लूमचा बिघाड ते असाच शोधत, हात ठेवून. शेवटी म्हणाले, "मी बी येक माणूस बनवतो. पन घोड्यासकट."

दुसरा कोणी असता तर त्याने अर्ध्या तासात कागद भरला असता. साडूभाऊंना आठ महिने लागले. त्यांनी कुठेतरी फोनवर मंगोल घोडेस्वारांचा एक व्हिडिओ पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसेना. ठेंगणे, दणकट घोडे, शिंग, लाकूड आणि जनावराची नस एकत्र चिकटवून केलेलं धनुष्य, भरधाव पळता पळता मागे वळून सोडलेला बाण. पाळी संपली की कारखान्याच्या पायरीवर बसून ते हे व्हिडिओ पूर्ण आवाजात लावत आणि सगळ्या गल्लीला बळजबरीने मंगोलांचा इतिहास ऐकवत. पण आपला माणूस मंगोल आहे असं मात्र ते म्हणू देत नसत. "माझा माणूस त्यांच्यासारखा हाय, पन त्यांच्यातला न्हाय," ते सांगत. "आपला आपून बनवलेला. उगाच काय चुकलं तर त्या लोकांना वाईट वाटंल." हजारो मैलांवरच्या, आपलं नावही कधी ऐकणार नाहीत अशा लोकांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी एक नवी जमात तयार केली, तिची भाषा, तिचे सण, तिच्या म्हाताऱ्यांच्या खोडी, सगळं एका शंभर पानी वहीत लिहून काढलं. माणसाचं नाव ठेवलं ओर्तान. घोड्याचं नाव ठेवलंच नाही. कागदावर घोड्याच्या नावाचा रकाना होता, तो त्यांनी कोरा सोडला. मी विचारलं तर म्हणाले, "ते लोक घोड्याला नाव न्हाय ठेवत. रंगावरून वळखतात." मग आम्हीच त्या घोड्याला मातकट म्हणू लागलो, कारण तो मातीच्या रंगाचा होता आणि त्याच्या पाठीवर शेपटीपर्यंत गेलेली एक काळी पट्टी होती. वय आठ वर्षं. आठ का, तर सातला घोडा अल्लड असतो आणि नऊला शहाणा, असं त्यांचं म्हणणं.

धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात अंगठी घालतात असं कळल्यावर त्यांनी लूमचा एक पितळी बुश, म्हणजे दांड्यावर बसणारं छोटं कडं, अंगठ्यात घातला. तो दोन महिने निघेना. साबण, तेल, सगळं झालं. शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घ्यावा लागला आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, मला फोन करून विचारलं, "तुम्ही माझ्या नवऱ्याला काय शिकवताय?" बाणाविषयी त्यांचं मत एका वाक्याचं होतं. "बाण म्हंजी काय, धोटाच हाय. फकस्त गेला का परत येत न्हाय." धोटा म्हणजे लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. तीस वर्षं त्याची ये-जा पाहिलेल्या माणसाला न परतणाऱ्या धोट्याचं आकर्षण का वाटलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं की घोड्यावरून बाण मारणाऱ्याच्या फाशातून दोन वजा करायचे. साडूभाऊंना हा अन्याय वाटला. "कुनी बसून बघितलंय का?" ते म्हणाले. आम्ही बसून पाहिलं. म्हणजे, घोडा नव्हता, माझी स्कूटर होती. गणेशपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी स्कूटर चालवतोय आणि साडूभाऊ मागे तोंड करून, माझ्या पाठीला पाठ लावून, बांबूच्या धनुष्याने रस्त्याकडेच्या पेंढ्याच्या उडव्यांवर बाण सोडताहेत. बाणांच्या टोकांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, एवढं शहाणपण आम्हाला होतं. आठवा बाण मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर जाऊन टप्पकन आपटला. बस थांबली. कंडक्टर खाली उतरला. "काय चाललंय काय हे?" साडूभाऊ त्यांच्या नेहमीच्या आवाजात गरजले, "घोड्यावरून मारतोय!" कंडक्टरने स्कूटरकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे, आणि वर चढून बेल मारली. "दहात तीन लागले," साडूभाऊंनी वहीत लिहिलं, "आनि येक मोजायचा न्हाय, बस मधी आली." नियमातल्या वजा दोनाचा मी वजा एक केला. त्या दिवशी ते घरी जाताना मी पाहिलं, दिघाशीच्या वाटेवर ते पुरती दहा-बारा पावलं सरळ चालले.

आणखी एक वाद होता आणि तो कधी मिटला नाही. आम्ही पंधरा दिवसांनी एकदा खेळायचो. समजा, मागच्या वेळी खेळ थांबला तेव्हा सगळे एका दाराशी उभे होते, तर पुढच्या वेळी त्याच दाराशी उभे. मध्ये एक क्षणही गेलेला नाही, हा नियम. साडूभाऊंना तो मान्य नव्हता. "आपून इकडं पंधरा दिस जेवलो, खाल्लो. तवर घोडा काय दोरीला वाळत घातला व्हता?" मी समजावत असे की गोष्टीतला वेळ वेगळा असतो. ते मान हलवत आणि वहीत लिहीत: पंधरा दिवस, चारा दिला, खूर तपासले. इम्तियाज म्हणायचा, "साडूभाऊ, यार, आपण ड्रॅगनला मारायला आलोय, घोडा बघायला नाही." त्यावर ते शांतपणे म्हणत, "तुमी मारा. मी बघतो." वाढदिवससुद्धा लिहीत. दर वर्षी मातकट एका वर्षाने मोठा होई.

त्याच काळात एका रविवारी त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. त्या गवताळ मुलखात एखाद्या घोड्याने खूप वर्षं चांगली साथ दिली की त्याच्या आयाळीत निळी फीत बांधतात आणि त्याला मोकळा सोडतात. मग त्याला खोगीर नाही, लगाम नाही. त्याला कोणी विकत नाही, त्याच्यावर कोणी बसत नाही. तो फक्त चरतो. हे सांगताना त्यांचा आवाज चक्क खाली आला होता. बायकोने डोळे पुसले. इम्तियाज चहा सांगायला म्हणून उठला आणि बराच वेळ खालीच राहिला.

आता माझा गुन्हा. मी जेवढ्या गोष्टी रचल्या, त्या सगळ्या भिंतींच्या आतल्या होत्या. पहिली डोंगराखालच्या गुहेतली. दुसरी एका शहराच्या गटारांतली. तिसरी मनोऱ्यातली. चौथी तर जहाजाच्या तळातली. घोडा गुहेत जात नाही, गटारात जात नाही, जिना चढत नाही. मैदानावर ज्याच्या वाऱ्याला कोणी उभं राहिलं नसतं, तो घोडेस्वार मी चार वर्षं दाराबाहेर उभा केला. यात दुष्टपणा नव्हता. मला भिंती लागतात. गुहेचा नकाशा काढला की खेळणारा कुठून शिरणार, कुठे वळणार, कुठे अडकणार, हे मला आधीच ठाऊक असतं. मोकळ्या रानात माणूस कुठेही जाऊ शकतो. तो उत्तरेला वळला आणि मी उत्तरेचं काही ठरवलेलंच नसलं तर? मला मोकळ्या रानाची भीती वाटायची, हे आज कबूल करतो. तेव्हा मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की, साडूभाऊ. तुमच्यासाठी खास."

ते तक्रार करत नसत. आम्ही गुहेत शिरलो की म्हणत, "जा तुमी. घोडा येकटा टाकून मी न्हाय येत." मग तीन-तीन तास ते शेंगदाणे सोलत बसत. सोललेले आमच्यापुढे सरकवत. मधूनच, माझी बायको एखादं कुलूप फोडत असताना, विचारत, "साडू, बाहेर काय दिसतंय?"

"काही नाही," मी घाईत सांगे. "गवत."

"किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजी?"

"अहो, नजर पोचेल तिथपर्यंत."

तेवढ्याने त्यांचा चेहरा उजळे आणि ते वहीत काहीतरी लिहीत. चार वर्षांत मी त्यांना दिलेलं रान एवढंच. पाच-सहा शब्दांचं, तेही त्रासून.

एकदा फक्त ते बोलले. खेळ संपल्यावर मी नकाशे गुंडाळत होतो, ते टेबल पुसत होते. म्हणाले, "साडू, येकदा मला मोकळं रान दे रं. लई न्हाय, येक दुपार." मी नेहमीप्रमाणे हो म्हटलं. त्यांना बहुधा वाटलं की मला वेळ होत नाही, आपण मदत करावी. पुढच्या खेळाला ते एक मोठा जाड कागद घेऊन आले, त्यांनी स्वतः काढलेला नकाशा. मी उलगडून पाहिला. कागद जवळजवळ रिकामा होता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली पेन्सिलची एक फिकट वाकडी रेघ, ती नदी. वरच्या कोपऱ्यात एक छोटा बाण, तो वारा. बस.

"यात काहीच नाही, साडूभाऊ," मी हसून म्हटलं.

"तेच तर पायजे," ते म्हणाले.

मी तो कागद ऑफिसात नेला. खरंच रान लिहायचं, असं मनात होतं, ही शपथेवर सांगायची गोष्ट आहे. पण आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. रद्द झालेल्या नकाशांचे मोठे कागद फेकत नाहीत. त्यांची कोरी बाजू वर करून एका टेबलावर गठ्ठा करून ठेवतात, कच्च्या कामाला. पाठकोरे कागद. साडूभाऊंचा कागद त्या गठ्ठ्यात कधी गेला मला कळलं नाही. कदाचित मीच ठेवला असेन, कारण दुरून पाहिलं तर त्याच्या दोन्ही बाजू कोऱ्याच होत्या. महिन्याभराने घाईगडबडीत, शनिवारी संध्याकाळी, मी गठ्ठ्यातला वरचा जाड कागद ओढला आणि त्यावर एक नवीन गुहा काढली. चांगली गुहा होती. सतरा दालनं होती तिच्यात.

रविवारी मी ती टेबलावर पसरली. इम्तियाजने वाहवा केली. साडूभाऊंनी नेहमीसारखा तळहात कागदावर ठेवला, कागद बोटांनी चाचपला आणि एक कोपरा हळूच उलटून पाहिला. वाऱ्याचा बाण त्या कोपऱ्यात होता. तेव्हा मलाही तो दिसला. मी "अहो, हे..." एवढंच म्हटलं. त्यांनी कोपरा पुन्हा सरळ केला, वर तळहात फिरवून सुरकुती काढली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय. जाड हाय." मग नेहमीसारखे म्हणाले, "जा तुमी आत. मी थांबतो." आणि आम्ही गेलो! हे मला अजूनही खरं वाटत नाही. मी खेळ थांबवला नाही, माफी मागितली नाही, सतराच्या सतरा दालनं पुरी केली. त्या दिवशी त्यांनी बाहेर काय दिसतंय ते एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी चहाचे ग्लास विसळून ठेवले आणि गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. एकदा कारखान्यात ड्युटी होती, एकदा गुडघा दुखत होता, एकदा कुणाचा साखरपुडा. लग्नकार्यात भेटलो की तितक्याच आपुलकीने पाठीवर थाप मारत, माझ्या ताटात स्वतःच्या हाताने जिलबी वाढत. घोड्याचा विषय मात्र निघत नसे. तोच विषय बदला म्हणून मी कधीकाळी हात जोडायचो, आणि आता तो निघावा म्हणून मी वाट पाहायचो. मी फोन करायचं ठरवायचो आणि फोन हातात घेतला की वाटायचं, काय सांगणार? तुमचं रान मला कोरं वाटलं, हे? यातच चार वर्षं गेली. या काळात त्यांचा कारखाना बंद झाला. चोवीस लूम भंगारात गेली. त्या दिवशी ते दिवसभर तिथे उभे होते आणि प्रत्येक लूम टेम्पोत चढण्याआधी त्यावर हात ठेवत होते, असं इम्तियाजने मला सांगितलं. मी तेव्हाही गेलो नाही.

यंदा मी रान लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. एका गोदामाचा नकाशा काढत होतो, दिघाशीच्या अलीकडच्याच माळाचा, आणि जमिनीचा सर्व्हेचा कागद समोर होता. त्यावर काहीच नव्हतं. एक ओढा होता. मी तो कागद बराच वेळ पाहत राहिलो. मग महिनाभर रोज घरी येऊन लिहीत बसलो. अकरा मोठी पानं. गवताचे पाच प्रकार, तीन पाणवठे, ऋतूप्रमाणे बदलणारा वारा, दूर दिसणारे आणि कधीच जवळ न येणारे डोंगर. एकही गुहा नाही. उत्तरेला काय आहे, तेही लिहिलं. बायकोने सगळं वाचलं आणि म्हणाली, "चला, आजच जाऊ."

साडूभाऊ ओट्यावर बसले होते. कानात यंत्र आलं होतं, त्यामुळे आवाज खाली आला होता आणि त्यामुळे ते मला कुणी दुसरेच वाटले. ताई आणि बायको आत गेल्या. मी पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान वाचलं, बोट ठेवून, सावकाश. पाचव्या पानावर थांबून विचारलं, "पाणी कुठं हाय?" मी तिन्ही पाणवठे दाखवले. "दोन पाणवठ्यांच्या मधी येका दिसाची दौड. बरोबर हाय," ते म्हणाले. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं हाय. येकदम चांगलं हाय, साडू."

"मग येत्या रविवारी?" मी विचारलं. "इम्तियाजला सांगून आलोय. तुम्ही आणि ओर्तान आणि मातकट. आम्ही सगळे तुमच्या मागे."

ते उठले, आत गेले आणि खेळाचे कागद लावलेली एक फाइल घेऊन आले. ओर्तानचा कागद जसाच्या तसा होता. त्यामागे घोड्याचा वेगळा कागद होता आणि त्याला फाइलीत लावण्यासाठी जे भोक पाडलेलं होतं, त्यात निळ्या सुताचा एक धागा ओवून गाठ मारलेली होती.

"घोडा सोडला मी," ते म्हणाले. "आठाचा व्हता तवा आलो. आता सोळाचा झाला. म्हातारं जनावर. दौडवायचं न्हाय आता."

"अहो साडूभाऊ, खेळ आहे," मी म्हटलं. "आपण वय खोडू. आठ लिहू. गुहेत तर सगळे मिळून चार दिवससुद्धा झाले नाहीत."

"तुमी आत व्हते," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, घोड्याला पाणी कधी पाजलं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "बाहेर दिस जात व्हते."

मी माफी मागितली. उशिरा, वाईट शब्दांत, पण मागितली. पाठकोऱ्या कागदाचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला, तसाच, काही बिघाड शोधावा तसा. मग म्हणाले, "हे ठेवून जा. त्याला चरायला व्हईल." आणि त्यांनी माझी अकरा पानं उचलून घोड्याच्या कागदामागे लावली. निळ्या धाग्याची गाठ सोडवायला घेतली, पानं आत ओवण्यासाठी. मध्येच थांबले. पहिल्या पानाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मी सवयीने प्रत्येक पानाला चारी बाजूंनी चौकट आखली होती, पेन्सिलने, पट्टी लावून. नकाशाचा कागद घेतला की आधी चौकट, ही पंचवीस वर्षांची सवय.

"ही काय, भिंत हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. नुसती मार्जिन."

"पुसता येईल का?"

माझ्या खिशात खोडरबर असतोच. मी ओट्यावर मांडी घालून बसलो आणि एकेक रेघ खोडू लागलो. साडूभाऊ पान धरून ठेवत होते, म्हणजे ते चुरगळू नये. ताईंनी आणलेला चहा गार झाला, दुसरा आला. अकरा पानांच्या मिळून चव्वेचाळीस रेघा होत्या. त्या सगळ्या गेल्यावर त्यांनी हाताने खोडरबराचा चुरा झटकला, पानं ओवली आणि निळी गाठ पुन्हा मारली.